सड्यावरची बोअर, उतारावरची विहीर

एप्रिल २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, आमची बोअर मेली." आटली नाही, मेली.

रत्नागिरी शहराच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळावर, त्यांची दहा बिऱ्हाडांची इमारत. बोअर ३०० फूट. खणण्याआधी पाणाड्या आणला होता, त्याच्या तळहातावरचा नारळ जिथे उभा राहिला तिथेच रिग लावली. पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी शिमग्यानंतर मोटर दहा मिनिटं पाणी ओढायची आणि मग नुसती घुरघुरायची. नळाचं पाणी यायचं ते पिण्या-स्वयंपाकापुरतं. बाकी सगळं टँकरवर. माणसं चाळीस, माणशी शंभर लिटर धरले तरी रोजचे ४,००० लिटर. म्हणजे दहा हजारांचा टँकर अडीच दिवसांत फस्त.

आमचे भावजी सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचा बेत ठरला होता: तीच बोअर आणखी २०० फूट खाली न्यायची. मी आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवला, तेव्हा फुकटचा सल्ला घरातच उपलब्ध, एवढ्यासाठी मला बोलावलं होतं. चहा घेता घेता त्यांनी जो प्रश्न टाकला तो मात्र रत्नागिरीतल्या प्रत्येक माणसाला पडतो. "अहो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. एवढं पाणी जातं कुठं? खाली असणारच ना!"

मी म्हटलं, बोअरचं बिल आहे का? भावजींना वाटलं मी भाव बघतोय.

बोअरचं बिल हा भूगर्भाचा दाखला असतो, फक्त तसा कोणी वाचत नाही. खणाई फुटावर आणि केसिंगचा पाईपही फुटावर लावतात. या बिलात केसिंग होतं ८० फूट. केसिंग घालतात ते ढासळणाऱ्या थरात, आणि पक्का काळा दगड लागला की थांबवतात. म्हणजे या जागी वरचे सुमारे ८० फूट जांभा (कोकणचा लाल दगड) आणि माती, त्याखाली बेसाल्ट, तो पक्का काळा दगड. उरलेला पुरावा पार्किंगच्या कोपऱ्यात पडला होता. रिगने बाहेर फेकलेल्या पिठाचा ढीग दोन वर्षांनंतरही तसाच होता, वर गवत आलेलं. काठीने उकरला. तळाला लाल पीठ, त्यावर पिवळट, मग पांढरट गुलाबी माती वाळून खडू झालेली, आणि सगळ्यांत वर राखाडी कीस. जमिनीतला क्रम ढिगात उलटा लागला होता.

तळमजल्यावरच्या काकूंना बोअरचा दिवस चांगला आठवत होता, कारण त्यांची वाळत घातलेली चादर त्या दिवशी लाल झाली होती. "पन्नास-साठ फुटांवर असतील, तेव्हा एकदम चिखल उडाला. आम्ही म्हटलं, लागलं पाणी! तो म्हणाला, हे वरचं आहे, हे टिकत नाही. मग पाईप घातले." बोअरवाला खोटं बोलला नव्हता. पण या जागी जे काही पाणी होतं ते मुख्यतः तेच होतं, आणि केसिंगने ते बाहेर ठेवलं. मग २२० फूट काळ्या दगडात भोक पाडलं, जिथे दोन-तीन बारीक भेगांपलीकडे काही नव्हतं.

आता हा जांभा. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरला, तो बेसाल्ट. कोकणच्या उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं पाऊस त्यातून मुरत राहिला. पाण्याबरोबर सिलिका, चुना, सोडा असलं विरघळणारं सगळं वाहून गेलं. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली आणि त्यांचा लाल, भोकाभोकांचा दगड झाला. हवामानाने खडकावर केलेलं काम म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने केरळात अंगडिपुरमला तो पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिनमधल्या विटेवरून 'लॅटेराइट' हे नाव दिलं. विटेवरून का, ते कुठल्याही चिरेखाणीवर कळतं. खाणीतून कापताना चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, नरम असतो, आणि उन्हावाऱ्यात पडला की कडक होतो. रत्नागिरीतला थिबा राजवाडा याच दगडाचा, आणि माझ्या बहिणीच्या इमारतीची कंपाउंडची भिंतही.

जांभ्याच्या खाली दगड एकदम सुरू होत नाही. मधे अर्धवट कुजलेल्या बेसाल्टची चिकणमाती असते, पांढरी, गुलाबी, कधी जांभळट. रत्नागिरीच्या आसपास जुन्या विहिरी खणताना या भागात काळी माती आणि कोळसा होऊ घातलेलं लाकूडही निघालेलं आहे. एके काळी इथे दलदल आणि जंगल होतं, त्याचा तो गाळ. ते प्रकरण वेगळं आणि मोठं आहे. आपल्या कामाचं एवढंच की जांभ्यातून पाणी झरझर उतरतं, या चिकणमातीवर येऊन अडतं, आणि मग खाली जाण्याऐवजी आडवं सरकायला लागतं. सड्याच्या कडेला, जिथे ही मातीची रेषा उतारावर उघडी पडते, तिथे झरे फुटतात.

म्हणजे भावजींच्या प्रश्नाचं उत्तर: पाणी खाली जात नाही, बाजूला जातं. सडा मोठ्या चाळणीसारखा आहे आणि चाळणीखाली ताट आहे. ताट मात्र कडेला कललेलं.

उत्तराचा दुसरा भाग आकाशात आहे. तीन हजार हा आकडा ऐकायला भरघोस, पण त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला थटतात, किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दिवसदिवस धार लागते. ऑक्टोबरात गडगडाट करत एखाददुसरी सर, आणि मग शून्य. बाकी वर्षभर हवेत दमटपणा इतका की मीठ पाघळतं, पण त्याचा विहिरीला उपयोग नाही. त्यातही बाहेरच्यांना पटत नाही अशी एक गंमत: इथे मार्चमधला एखादा दिवस मेपेक्षा जास्त भाजतो. जमिनीकडून पूर्वेचा कोरडा वारा येत राहतो, खारा वारा दुपार उलटली तरी सुरू होत नाही, आणि पारा वर चढतो. पाण्याची ओरड तेव्हापासून सुरू होते.

त्यामुळे या शहराच्या पाण्यासाठी पाहायचा आकडा मिलिमीटरचा नाही. शेवटच्या सरीपासून पहिल्या सरीपर्यंतचे दिवस मोजायचे. साधारण मध्य-ऑक्टोबर ते जूनचा पहिला-दुसरा आठवडा, म्हणजे आठ महिने. चाळणीतलं पाणी तोवर पुरायला हवं, आणि जांभ्याची चाळणी तेवढं धरून ठेवत नाही.

तेव्हा मी खोल जायला सरळ विरोध केला. शिवाय एक साधा हिशोब होता. इमारत समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटर, म्हणजे ३३० फूट उंचीवर. बोअर आधीच ३०० फूट. आणखी २०० फूट म्हणजे समुद्राच्या पातळीच्या खाली उतरायचं, आणि तेही समुद्र गच्चीवरून दिसतो अशा गावात. खारं पाणी लागेलच असं नाही, बेसाल्ट घट्ट असतो. पण लागलं तर पैसे देऊन खारं पाणी विकत घेतल्यासारखं. राजिवडा, भाट्ये, मिऱ्या या बाजूला खाडीकाठच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. उपसा वाढला की गोड पाणी मागे हटतं आणि खारं आत येतं. किनाऱ्याच्या पुळणीत, म्हणजे वाळूत, गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, समुद्रपातळीच्या वर एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट. वरचा एक फूट उपसला की खालचे चाळीस जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींना घेऊन सड्याच्या कडेवरून खाली उतरलो. एप्रिलचा सडा म्हणजे तापलेला तवा. काळपट पडलेला कातळ, त्यावर वाळलेलं गवत, मधेच आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून केलेले खड्डे. याच कातळावर कोकणभर हजारो वर्षांपूर्वी कोणी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. आमच्या बाजूला तसलं काही नाही, कोरलेलं एवढंच की कोणीतरी पाट काढून प्लॉटची हद्द दाखवली आहे.

उतारावर दीडशे पावलं गेल्यावर रंग बदलला. करवंदीच्या जाळ्या हिरव्या झाल्या, एका चिऱ्याच्या बांधावर नेचे दिसले. एप्रिलमध्ये नेचा हिरवा असेल तर आत ओल आहे. भावजींना मी तिथून दोन्ही बाजूंना नजर टाकायला सांगितलं. ती हिरवी पट्टी उतारावर एकाच पातळीत पुढे जात होती, जणू कोणी दोरी धरून आखली. तीच मातीची रेषा. जुनी रत्नागिरी पाहा, झाडगाव, खालची आळी, परटवणे: वस्ती उताराच्या पायथ्याला, परसात विहीर, माड, सुपारी. सड्यावर गुरं चरायची आणि गवत कापायचं, राहायला कोणी जात नसे. घरं वर चढली ती नळ आणि मोटर आल्यावर. सपाट जागा, पाया घालायला कातळ, वारा, समुद्राचं दर्शन. बिल्डरच्या दृष्टीने सोनं. फक्त पाणी त्या सपाट जागेवरून खाली सरकून जुन्या लोकांच्या परसात निघतं.

त्या हिरव्या पट्टीत, सोसायटीच्याच प्लॉटच्या खालच्या टोकाला, एक विहीर होती. जागा विकणाऱ्या कुटुंबाची, चिऱ्यांनी बांधलेली, बारा फूट व्यासाची. इमारत बांधताना तिच्यात राबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, टाकलं, नंतर लोकांनी बाकीचं. वरून डोकावलं तर प्लास्टिकच्या थरामधून एक बेडूक ओरडत होता. भावजी म्हणाले, "ही? ही तर कचराकुंडी." मी म्हटलं, बेडूक कुठल्या पाण्यात बसलाय ते बघा.

सोसायटीच्या मीटिंगची हकीकत लांबवत नाही. एकाला विहिरीचं पाणी 'गावठी' वाटत होतं, दुसऱ्याला डासांची भीती, तिसऱ्याचा मेहुणा बोअरच्या धंद्यात. शेवटी खर्चाने निकाल लावला. गाळ काढणं, कठडा, जाळी, मोटर आणि वर चढवायचा पाईप मिळून २०० फुटांच्या बोअरपेक्षा कमी पडत होतं.

मेमध्ये चार गड्यांनी आठ दिवस विहीर उपसली. विटांचे तुकडे, बाटल्या, गणपतीच्या मखराचे थर्माकोल, एक अख्खी सायकल. सातव्या दिवशी पहारीला पांढरी माती चिकटून आली आणि जांभ्याच्या सांध्यातून, तळापासून हातभर उंचीवर, दोन ठिकाणी पाणी पाझरताना दिसलं. एक झरा करंगळीएवढा, दुसरा नुसता ओघळ. गडी आणखी खोल जायला तयार होते. मी दोन फूट मातीत जाऊ दिलं, पोहरा बुडेल इतका खड्डा झाला, आणि थांबवलं. झरे तळात नव्हते, बाजूला होते. खाली माती होती आणि तिच्याखाली तोच काळा दगड, ज्यात भावजींनी एकदा २२० फूट पैसे घातले होते.

मग मी कठड्याला एक दोर बांधला, फुटाफुटावर गाठी मारून, टोकाला दगड. तळमजल्यावरच्या काकूंनी दर रविवारी कॅलेंडरवर गाठी लिहायचं कबूल केलं, आणि त्यांनी ते माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा नेमाने केलं.

त्या कॅलेंडरवर २०२३ चा सगळा मोसम आहे. मोसमी वारे रत्नागिरीला ११ जूनला पोचल्याचं जाहीर झालं आणि तिथेच अडकून बसले; अरबी समुद्रातलं बिपरजॉय वादळ ओल ओढून नेत होतं. मुंबईला ते पोचायला २५ जून उजाडला. त्या दोन आठवड्यांत विहिरीची एक गाठही वाढली नाही. पाऊस लागल्यावरही पहिले काही दिवस दोर तसाच, कारण सड्याचं वरचं कवच कडक असतं आणि पाणी त्यावरून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, धावतं. मग जुलैत एका आठवड्यात दहा गाठी बुडाल्या, आणि महिनाअखेर कठड्यावरून पाण्याला हात लागत होता. ऑगस्ट मात्र देशभर कोरडा गेला, १९०१ पासूनचा सर्वांत कमी पावसाचा ऑगस्ट. पंधरा दिवस उघडीप मिळाली तेवढ्यात विहीर चार गाठी उतरली. ऐन पावसाळ्यात! जांभा पाणी किती लवकर सोडतो ते यापेक्षा स्पष्ट दाखवता आलं नसतं.

ही नोंद हातात आल्यावर सोसायटीतल्या एका उत्साही तरुणाच्या बेताला मला ठामपणे 'नको' म्हणता आलं. त्याला गच्चीचं पाणी शोषखड्डा करून जमिनीत मुरवायचं होतं. गच्ची ३०० चौरस मीटर, पाऊस तीन मीटर, म्हणजे ९ लाख लिटर. हिशोब बरोबर. पण जुलैत चाळणी आधीच काठोकाठ असते. तिच्यात आणखी ओतलं तर ते आठवड्याभरात खालच्या वाडीच्या पऱ्यात निघणार. मराठवाड्यात शोषखड्डा चालतो म्हणून इथे चालेल असं नाही. इथे मुरवण्याची अडचण नाही, धरून ठेवण्याची आहे. ऑक्टोबरअखेर पऱ्यावर सिमेंटच्या गोण्यांत वाळू भरून बंधारा घातला तर त्यामागचं पाणी आजूबाजूची ओल टिकवून झऱ्यांना थोपवतं. गावोगाव लोक हे करतात आणि ते कामाचं आहे. किंवा सरळ टाकी. एप्रिल-मेचे ६१ दिवस धरले तर २ लाख ४४ हजार लिटरांची. एवढी टाकी बांधायला दहा बिऱ्हाडांना झेपली नाही.

त्या तरुणाने मग बंद पडलेल्या चिरेखाणींचा विचार काढला. आम्ही दोघं चार खाणी पाहून आलो. दोन दसऱ्यालाच ठणठणीत, एकीत गुडघाभर पाणी, चौथीत हिरवं खोल पाणी आणि त्यात पोरं पोहत होती. फरक तळाचा. पहिल्या तिघींचा तळ जांभ्यातच होता. चौथी खणताना चिरे संपून माती लागली, म्हणून मालकाने सोडून दिली होती. त्याच्या लेखी ती फसलेली खाण. पाणी धरते ती एकटीच. तिचा मालक पाणी द्यायला तयार आहे, पाईपलाइनच्या रस्त्यावरून तीन शेतकऱ्यांशी बोलणी अडली आहेत.

मे २०२४ चा निकाल असा. पाणी दिवसभर उपसल्यावर दोन गाठींवर यायचं आणि रात्रीतून एक गाठ चढायचं. बारा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट म्हणजे सुमारे ३,२०० लिटर. गरज ४,०००. रोजची तूट ८००, म्हणजे अडीच दिवसांच्या टँकरऐवजी बारा-तेरा दिवसांनी एक. टँकर बंद झाला असं मी कोणाला सांगत नाही, भावजी सांगतात. कपडे मात्र स्वच्छ निघतात असं बहिणीचं म्हणणं. बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये पांढरी पुटं चढायची, जांभ्यातलं पाणी मऊ, साबणाला लगेच फेस.

पुढच्या वर्षी पावसाने उलटा खेळ केला. २०२५ मध्ये मोसमी वारे २५ मे रोजी महाराष्ट्रात शिरले आणि २६ ला मुंबईत. २०२३ च्या मानाने महिनाभर आधी, म्हणजे या एका इमारतीपुरते सव्वा लाख लिटर वाचले. भावजींनी त्याचं श्रेय विहिरीला दिलं, आणि मी वाद घातला नाही.

पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये, शेजारच्या नव्या इमारतीत रिग आली होती. मी बहिणीकडेच होतो. सकाळी सातला घरघर सुरू झाली, आणि काकूंनी न सांगता दोरीवरचे कपडे आत घेतले. मी कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. लाल पीठ आलं, मग पिवळट. साधारण पन्नास फुटांवर भोकातून ओला लाल चिखल उडाला आणि तिथल्या पोराने टाळी वाजवली. बोअरवाल्याने हात वर करून रिग थांबवली आणि ट्रककडे वळून ओरडला, "केसिंग काढा रे!"